हवंय की लागतंय

माझ्या वडिलांना चालू नळाचा आवाज सहन होत नाही. बाकी सगळं ते विसरले. मला विसरले, आई वारली हे विसरले, चमचा कुठल्या हातात धरायचा हेही कधीकधी विसरतात. पण घरात कुठेही पाणी वाहू लागलं की खुर्चीतून उठतात, भिंत धरत धरत जातात आणि नळ बंद करतात. वर पुटपुटतात, "कोणाच्या बापाचं पाणी आहे हे?" आता त्यांना काय सांगायचं, की माझ्याच बापाचं आहे.

लहानपणी आमच्या घरात त्यांचा एक कायदा होता. आमच्या डोंगरात सरकारी नळ नाही. छपरावर पडेल तो पाऊस टाकीत जातो आणि टाकीतलं पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. दुष्काळात डॅड स्वतः नळाशी उभे राहायचे. पेला पुढे केला की विचारायचे, "हवंय की लागतंय?" लागतंय म्हटलं आणि त्यांना ते पटलं, तर पेला भरून मिळायचा. नुसतं हवंय असं कबूल केलं तर अर्धा. खोटं बोललं तर रिकामा पेला घेऊन परत. मी पुष्कळदा रिकामा पेला घेऊन परत गेले आहे, कारण त्या वयात मला सगळंच लागत होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने, गॅव्हनने, घराच्या छपरावर फवारे बसवले. पत्र्याच्या आढ्यावरून तांब्याचा पाइप, त्यावर पितळी फवारे, घरामागच्या चढावर सिमेंटची मोठी टाकी आणि तिच्या शेजारी विटांच्या खोपटात पेट्रोलचा पंप. वणव्यात वीज सगळ्यात आधी जाते म्हणून पेट्रोल, आणि प्लास्टिक वितळतं म्हणून तांबं. गॅव्हन गावच्या अग्निशमन दलात आहे. त्याला या विषयाची नको इतकी माहिती आहे आणि ती तो जेवताना सांगतो. पहिल्यांदा पंप चालू केला आणि छपराच्या चारी बाजूंनी पाण्याचा पडदा खाली आला, तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. डॅड तुरुतुरु चढावर गेले आणि त्यांनी चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद केला.

"अहो क्लॅरी, हे घर वाचवायला आहे," गॅव्हन म्हणाला; तो सासऱ्यांना नावानेच हाक मारतो.

"घर कुठे पळून चाललंय?" डॅड म्हणाले.

आम्ही पोट धरून हसलो. ते चाक तेव्हाच काढता येण्याजोगं करून घ्यायला हवं होतं, पण तेव्हा ते गमतीचं वाटलं.

"एक लक्षात ठेव नोलीन," गॅव्हन मला दर आठवड्याला बजावायचा. "हे फवारे घरासाठी आहेत, माणसांसाठी नाहीत. रेडिओने वणव्याच्या वाऱ्याचा दिवस सांगितला की डॅडना गाडीत घालायचं आणि सकाळीच सुटायचं. फवाऱ्यांच्या जिवावर थांबलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"आणि अडकलेच तर?"

"अडकलीस तर निखारे पडायला लागेपर्यंत पंप लावायचा नाही. नुसता धूर दिसला म्हणून लावलास तर आग येईपर्यंत टाकी कोरडी होईल. टाकी म्हणजे समुद्र नव्हे."

तो दिवस आला तेव्हा आदल्या संध्याकाळीच रेडिओने सांगितलं होतं. पहाटेपासून उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा वारा सुटला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. गॅव्हनचा बंब रात्रीच डोंगराच्या पलीकडे गेला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही आमच्या संसाराची नेहमीची रीत. मी न्याहारी झाल्या झाल्या डॅडना गाडीत बसवलं. ते दोनदा खाली उतरले. एकदा बागेतला नळ बंद आहे का बघायला, आणि पुन्हा तोच नळ बघायला. तरी आम्ही वेळेत निघालो होतो, हे मी शपथेवर सांगते.

खालच्या वळणावर एक भलीमोठी निलगिरी रस्त्यावर आडवी पडली होती. विजेच्या तारा तिच्या फांद्यांत गुंतल्या होत्या. आमच्या घराला दुसरा रस्ता नाही. मी गाडी थांबवून नुसती त्या खोडाकडे बघत राहिले. मागे डोंगराच्या कडेवर पिवळसर तपकिरी धूर उभा राहिला होता आणि तो आमच्या दिशेने कलत होता.

वायरलेसवर बर्निसला हाक मारली. बर्निस आमची शेजारीण, अशा दिवशी गावच्या हॉलमध्ये बसून सगळ्यांचा ठावठिकाणा ठेवते.

"नोलीन, कुठे आहेस बाई तू?"

"वळणावर. झाड पडलंय."

 

"परत फिर," ती म्हणाली. "आग कड्याच्या अलीकडे आली आहे. आता निघायची वेळ गेली. घरी जा, फवारे आहेत ना तुझ्याकडे? गॅव्हनला मी कळवते. आणि हे बघ, रडायचं ते नंतर रड."

परत येताना डॅड शेजारी शांत बसून म्हणाले, "आज धुरकट आहे नाही?"

घरी आल्यावर ठरल्याप्रमाणे सगळं केलं. टब भरला, बादल्या भरल्या, खिडक्यांचे पडदे ओढून काढले, लोकर सहज पेट घेत नाही म्हणून जाड लोकरी कपडे चढवले, डॅडनाही चढवले. मागच्या दाराजवळ ओला मॉप ठेवला. पन्हळींची तोंडं टेनिसच्या चेंडूंनी बंद करून त्यांत पाणी गॅव्हनने आधीच भरून ठेवलं होतं. दारांना कुलपं लावायची नाहीत, हेही त्याचंच. घर पेटलं तर बाहेर पडता आलं पाहिजे. मग वीज गेली आणि फ्रिजची घरघर थांबली.

भर दुपारी अंधार झाला. मी व्हरांड्यात उभी राहून निखाऱ्यांची वाट बघत होते. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. दातांवर दात आपटत होते, तेही त्या उकाड्यात. पंपाकडे धावावं असं दर श्वासाला वाटे आणि दर वेळी टाकी समुद्र नव्हे हे मी स्वतःला मोठ्याने सांगत असे.

पहिली आली ती निलगिरीच्या सालीची एक लांब पट्टी, दोन्ही टोकांना पेटलेली. ती अंगणात उतरली आणि गवताने पेट घेतला. मी ते तुडवून विझवलं. मागोमाग दुसरी आली, मग मोजायची सोय राहिली नाही. मी चढावर धावले आणि पंपाची दोरी ओढली. तो नुसता खोकला. पुन्हा ओढली, पुन्हा खोकला. "मेल्या, चालू हो!" म्हणून हिसडा दिला तेव्हा तो लागला. व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडलं. छपरावर फवारे फिरू लागले आणि घराभोवती पाणी कोसळायला लागलं. मला रडूच आलं.

आत येऊन डॅडना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, अंगावर ओलं ब्लँकेट टाकलं आणि पुढच्या खोलीत खिडक्यांखाली ओले टॉवेल लावायला गेले. काचेबाहेर पाण्याचा पडदा होता. बघता बघता तो विरळ झाला, थेंब झाले, मग थेंबही थांबले.

पंप मेला असं वाटून मी मागे धावले. पंप व्यवस्थित धडधडत होता. त्याच्याजवळ डॅड उभे होते, पायांत सपाता, दोन्ही हात चाकावर. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर एक काळं भोक पडून कडा लाल धुमसत होत्या आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"नळ उघडा टाकून कुठे गेली होतीस, आयव्ही?"

आयव्ही माझी आई.

"डॅड, आग लागली आहे! सोडा ते चाक!"

"आगीला ओढ्याचं पाणी वापरावं. हे प्यायचं पाणी आहे."

मी त्यांची पाठ हाताने चोळून विझवली आणि चाक उघडलं. त्यांनी बंद केलं. मी उघडलं. त्यांनी पुन्हा हात घातला, तेव्हा मी त्या हातावर फटका मारला. हळू नाही मारला. त्यांनी हात मागे घेतला आणि लहान मुलासारखं माझ्याकडे बघितलं.

चाक काढून टाकायला पाना लागतो आणि पाना गॅव्हनच्या गाडीत होता, डोंगरापलीकडे. मी डॅडना ओढत घरात आणलं, बसवलं आणि बाहेर वळले. मागचं दार वाजलं. ते पुन्हा निघाले होते.

मग मी त्यांना बांधलं. माझ्या गाऊनचा पट्टा घेतला आणि त्यांचं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं. "बसा इथे!" मी ओरडले. "जन्मभर मी तुमचं ऐकलं! पाण्याचं ऐकलं, लग्नाचं ऐकलं, शाळा सोडायचं ऐकलं! आज एक दिवस तुम्ही माझं ऐका!" गाठ गरजेपेक्षा घट्ट मारली. ते फक्त हात ओढून बघत राहिले.

बाहेर व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाचा बुंधा धुमसत होता. छपराच्या कडेवरून पडणारं पाणी वारा भलतीकडे उडवत होता, त्यामुळे तेवढा कोपरा कोरडा राहिला होता. मी मॉपने तो बडवत होते, एवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. मांडीएवढी जाड जळती फांदी, मी मघाशी जिथे उभी होते तिथे पडली होती.

मी त्या फांदीकडे बघितलं आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली. ही माझ्या डोक्यात पडली असती तर आत एक म्हातारा माणूस खुर्चीला बांधलेला आहे. घर पेटेल आणि तो हात ओढत बसेल. आगीचीही एवढी भीती वाटली नव्हती मला. मी आत धावले. पट्टा ओला होऊन गाठ आवळली होती, नखं तुटली तरी सुटेना. शेवटी पावाच्या सुरीने कापला.

"झालं का?" डॅड म्हणाले.

"झालं, डॅड."

डोळ्यांत राख गेली होती. स्वयंपाकघरातला जुना नळ उघडून मी डोळे धुतले. तो नळ बाहेरच्या उंच चौथऱ्यावरच्या छोट्या टाकीला जोडलेला आहे, त्याला विजेचं काम नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून चटचट आवाज आला आणि मी नळ तसाच टाकून धावले.

खांब पुन्हा पेटला होता. खाली बसून तो विझवताना शेजारच्या लिंबोणीकडे लक्ष गेलं. आमच्या सिंकचं पाणी एका पाइपने त्या झाडाच्या बुंध्याशी सोडलेलं आहे. भांड्यांचं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही, हाही डॅडचाच कायदा. पाइपातून पाणी येत होतं. मग ते बारीक झालं आणि थांबलं.

मी काय केलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. नळ मी चालू सोडला होता. ते उठले होते, सिंकपर्यंत गेले होते आणि त्यांनी तो बंद केला होता. छपरावरच्या आवाजापेक्षा त्यांना हा आवाज जवळचा होता.

मी आत गेले. ते पुन्हा खुर्चीकडे निघाले होते. "कोणाच्या बापाचं पाणी," वगैरे चालू होतं. मी बादली उचलली, जाता जाता नळ उघडला आणि बाहेर पळाले. लिंबोणीशी पाणी आलं. मी खांब भिजवला, पायऱ्यांवरचे निखारे झाडले. पाणी थांबलं. आत गेले, नळ उघडला, बाहेर आले. पाणी आलं की मला सवड मिळे. पाणी थांबलं की ते जिवंत आहेत हे कळे, आणि त्यांचं लक्ष छपराकडे जायच्या आत मला आत जावं लागे. आयुष्यभर ज्या सवयीने मला वैताग दिला तिच्या आधारावर मी त्या कोपऱ्यात आगीशी झगडत होते. आणि त्यांचा आवाज दर खेपेला वाढत होता. "हे कोण करतंय? या घरात शिस्त म्हणून नाही!"

"मी करतेय!" मी ओरडून सांगत होते. "बंद करा तुम्ही!"

मग कड्यावरून आवाज आला. धूर दिसत होता तोवर मला आग कुठेतरी दूर आहे असं वाटत होतं. तो आवाज आल्यावर तसं वाटेना. जमीन थरथरत होती. झाडांच्या शेंड्यांवरून ज्वाळा उतरत होत्या, आमच्या घराच्या दुप्पट उंच. मी लिंबोणीकडे बघितलं. पाणी वाहत होतं.

वाहतच होतं.

मी खांबाला दोन फटके दिले आणि पुन्हा बघितलं. वाहतच होतं. "डॅड!" मी ओरडले. "डॅड, नळ!" त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. ते पडले, मला वाटलं. धूर छातीत गेला. किंवा मागच्या दाराने निघून गेले आणि त्या तिथे, त्या लाल उजेडात, चाकाशी आहेत. खांबाने पुन्हा पेट घेतला होता. तो सोडला तर व्हरांडा जाईल, व्हरांडा गेला तर घर जाईल. मी मॉप टाकला आणि आत धावले.

डॅड सिंकपाशी उभे होते. नळ पूर्ण उघडा होता. ते पाण्याखाली टॉवेल भिजवत होते, पिळत नव्हते, तसेच टपटपते नेऊन मागच्या दाराच्या फटीत कोंबत होते. फटीतून धूर आत येत होता. हात मुळीच थरथरत नव्हते. असं त्यांनी पूर्वी कधी केलं असेल, माझ्या जन्माआधीच्या कुठल्या वणव्यात, ते त्यांचे हात जाणत होते.

"दारं लाव आणि खाली बस, पोरी," ते म्हणाले. "उभी काय राहिलीस?"

पोरी म्हणाले ते मला.

आम्ही टेबलाखाली ब्लँकेट ओढून बसलो. खिडक्या आधी नारिंगी झाल्या, मग पांढऱ्या. एक काच तडकली. घर असं गरजत होतं की छप्पर उडालं असं मला दोनदा वाटलं. मी मरणार हे मी धरून चालले होते. डॅडनी माझं डोकं छातीशी दाबून धरलं होतं आणि वर, त्या सगळ्या गोंगाटातही, पत्र्यावर पाणी चुरचुरत होतं. ते ऐकू येतंय तोवर आपण आहोत, एवढंच मी धरून ठेवलं.

आवाज पुढे सरकला. खिडक्या पुन्हा नारिंगी झाल्या, मग तपकिरी. पंप थोडा वेळ चालला, खोकला आणि बंद पडला. टाकी संपली होती.

बाहेर आलो तेव्हा अवजारांची शेड नव्हती, कुंपण नव्हतं. लिंबोणीचा काळा खुंट उरला होता. व्हरांड्याचा कोपरा जळून खाली बसला होता, पण आग तिथून पुढे गेली नव्हती. ओलं छप्पर वाफाळत होतं. मी टबातलं पाणी बादलीने नेऊन धुमसणाऱ्या जागा विझवत राहिले. डॅड दारात बसून बघत होते.

झाड कापून बंब वर आला तेव्हा गॅव्हन तो थांबायच्या आत उतरला. तो मला धरून रडला, मग डॅडना धरून रडला. डॅडनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मला विचारलं, "हा कोण?" गॅव्हनने पाण्याची एक बाटली माझ्या हातात दिली आणि तो छप्पर तपासायला गेला.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. डॅड उठले, नळाशी गेले, चाचपून बघितलं. तो उघडाच होता आणि कोरडा होता. तरी त्यांनी तो नीट बंद केला.

"पाणी कोणी संपवलं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं. मोठ्या टाकीतलंसुद्धा."

ते माझ्याकडे रोखून बघू लागले. ती नजर मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

"हवं होतं की लागलं?"

"लागलं, डॅड."

त्यांनी विचार केला आणि मान डोलावली. मग टेबलावर हात पुढे केला आणि बाही वर सारली. मनगटाभोवती पट्ट्याचा वळ उठला होता, जांभळा. म्हाताऱ्या कातडीवर लगेच उमटतं.

"आणि हे?"

लागलं, हा शब्द माझ्या जिभेवर होता. सगळ्या जगाने तो मान्य केला असता. गॅव्हनने केला असता, बर्निसने केला असता. मी त्या वळाकडे बघितलं, आणि ती गाठ आवळताना मला काय वाटलं होतं ते मला आठवलं.

"थोडं लागलं," मी म्हणाले. "थोडं हवं होतं."

डॅडनी बाटली उघडली. कपाटातून एक पेला आणला. त्यात पाणी ओतलं, डोळ्यांसमोर धरून बघितलं, एक घोट परत बाटलीत ओतला आणि बरोबर अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला.